खांद्याचं तेल

प्रभुदास मास्तरांना बायबलातलं एखादं वचन सापडलं की त्यातली अडचण सापडेपर्यंत चैन पडत नसे, आणि अडचण सापडली की जेवण जात नसे. धानोऱ्याच्या अलीकडे जंगलात आत येरमटोला नावाचं गाव. तिथल्या मिशनच्या शाळेत ते मास्तर, आणि रविवारी बाकं फिरवून ठेवली की तेच उपदेशक. मंडळी म्हणजे गावातली पाच-सात घरं. तेवढ्या माणसांना पचेल त्याहून फार मोठा उपदेश मास्तर दर आठवड्याला रांधत, आणि तो आधी चाखावा लागे त्यांच्या बायकोला, इंदुताईला.

"लूकच्या शुभवर्तमानानं मला पार कात्रीत धरलंय," ताटावर बसल्या बसल्या मास्तर म्हणाले.

"भात वाढू?"

"अगं, ऐक तर. प्रभू म्हणतो, चाकर दिवसभर नांगरून घरी आला, तर धनी काय त्याचे आभार मानतो? नाही मानत. तसंच तुम्हीही सगळं केल्यावर म्हणा, आम्ही निरुपयोगी चाकर, करायचं तेवढंच केलं. झालं? आता पान न उलटता पुढे वाच. दहा महारोगी बरे होतात, त्यातला एकच परत येऊन पाया पडतो, तर तोच प्रभू विचारतो, बाकीचे नऊ कुठे गेले? म्हणजे आभार मानायचे की नाही? आपण निरुपयोगी, मग आपल्याला मिळालंच कसं? आणि मिळालं, तर निरुपयोगी कसे?"

"भात निवतोय," इंदुताई म्हणाली. पण या खेपेला तिचं लक्ष नव्हतं असं नाही. तिच्या पोटात तेच चाललं होतं, फक्त तिला लूक आड येत नव्हता. तिच्या आड येत होता नानाजी.

नानाजी म्हणजे शाळेच्या कुंपणाला लागून ज्याची धानाची बांधी आहे तो शेतकरी. उंच, काळाकभिन्न, पन्नाशीचा, गावच्या मारुतीचा भक्त. चौपन्न सालच्या श्रावणात इंदुताईला ताप भरला. या मुलखात तापाचं कुणाला काही वाटत नाही; पण तो डोक्यात गेला, बाई बरळायला लागली आणि मग बरळायचीही थांबली. मास्तर खाटेपाशी गुडघे टेकून बसले ते उठेचनात. शाळेची घंटा का वाजली नाही म्हणून नानाजी बघायला आला. त्यानं दारातूनच एक नजर टाकली आणि म्हणाला, "मास्तर, देवाचं तुमी पाहा. खाटेचं मी पाह्यतो."

त्यानं खाट दोरांनी जाड बांबूला टांगली, वर पळसपानांचं छप्पर बांधलं, आणि पत्रू, लच्छू, जंगू या तिघांना शेतातून तसंच चिखलाच्या पायांनी बोलावून आणलं. गडचिरोलीच्या दवाखान्यापर्यंत रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता, आणि मध्ये कठाणी नदी दुथडी भरलेली. इंदुताईला त्या वाटेतलं फार थोडं आठवतं. डोकं मागच्या बाजूला होतं म्हणून तिला मागून चालणारा नानाजी तेवढा दिसे. त्यातही त्याचा उजवा खांदा. बांबूनं बंडी फाटली, मग खांदा सोलवटला, मग पावसाच्या पाण्याबरोबर लालसर ओघळ उतरायला लागला. आणि त्या खांद्यावरून आवाज यायचा, "बाई, हाये का?"

"हाओ," ती म्हणायची.

थोडं चाललं की पुन्हा, "बाई, हाये का?" पुढे पुढे तिच्या तोंडून शब्द निघेना, तेव्हा ती नखांनी खाटेच्या लाकडावर टकटक करायची. नानाजीला तेवढं पुरे. नदीवर डोंग्यात खाट ठेवली तेव्हाही तो पाण्यात छातीपर्यंत उभा राहून तेच विचारत होता. पलीकडून तिथल्या इनायत गाडीवानाच्या बैलगाडीनं दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून थोडा उशीर झाला असता तर आणण्यात काही अर्थ नव्हता.

ती बरी झाली, पोळा उलटल्यावर घरी आली. आल्या आल्या नानाजीच्या घरी गेली आणि म्हणाली, "नानाजीभाऊ, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

नानाजी बैलाच्या शिंगाला तेल लावत होता. "कायचे उपकार? खाट हलकीच होती," म्हणाला, आणि बैलाशी बोलायला लागला. पत्रूला म्हणाली, तर तो हसतच सुटला. लच्छू आणि जंगू तर तिला पाहिलं की दुसऱ्या वाटेनं जायचे, जणू त्यांनीच काहीतरी चोरलं होतं.

मात्र त्या दिवसापासून एक नेम झाला. सकाळी नानाजी बैल घेऊन कुंपणाजवळून निघाला की आत न बघता हाक मारायचा, "बाई, हाये का?" आणि इंदुताई जिथं असेल तिथून, चुलीपासून, विहिरीपासून, ओरडायची, "हाओ, हाये!" एवढंच. नानाजी पुढे जायचा. पण इंदुताईचा दिवस त्या हाकेनं उजाडायचा. आपण जिवंत आहोत हे तिला रोज कुणीतरी बाहेरून सांगत होतं, आणि त्याचं सुख असं होतं की तिला भरून यायचं.

तर हे सगळं पोटात घेऊन बाई राहणार किती दिवस? नुसतं घेऊन गप्प बसायची तिला सवयच नव्हती. ती वर्ध्याकडच्या मिशनच्या आवारात जन्मली, तिथंच वाढली. तिचे आजोबाच ख्रिस्ती झालेले. तिथं कुणी पाण्याचा पेला दिला तरी आभार म्हणायची शिस्त. म्हणून हंगामाचा सण आला तसं तिनं ठरवलं. धान खळ्यावरून घरात आलं की मंडळी आपापल्या पिकातलं काही प्रार्थनेला आणतात, कुणी टोपलीभर धान, कुणी कोहळा, कुणी कोंबडा. प्रार्थना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि सगळा गाव गंमत बघायला जमतो. सगळ्यांच्या देखत त्या चौघांचा मान करायचा. आणि तो सोलवटलेला खांदा तिच्या डोळ्यापुढून हलत नव्हता, म्हणून मान कसा करायचा तेही तिला आपोआप सुचलं. तिनं धानोऱ्याच्या बाजारातून चार नवे पांढरे पंचे आणवले.

सणाच्या दिवशी मास्तरांनी लूकचा गुंता सोडवायला घेतला आणि आणखी घट्ट करून ठेवला. त्यांच्या उपदेशात दोनदा कोंबडा आरवला, आणि मंडळीला ते बरंच वाटलं. मग सगळे अंगणात आले. इंदुताईनं चार पाट मांडले, चौघांना बोलावून बसवलं. ते लाजत, एकमेकांना ढोसत बसले. ती कोमट तेलाची वाटी घेऊन आली. तेलाच्या वासानं तिला मळमळलं. हल्ली असं होत होतं, दवाखान्यातल्या कडू गोळ्या अंगात मुरल्यात, त्या अजून निघाल्या नाहीत असं ती म्हणे. तिनं बोटं बुडवली, नानाजीच्या उजव्या खांद्यावर, वणावर वण बसलेल्या त्या जागी, तेल चोळलं आणि वरून पांढरा पंचा ठेवला. तिचे डोळे भरले होते, त्यामुळे पुढचं तिला नीट दिसलं नाही.

अंगणातलं हसणं थांबलं. गर्दीत उभी असलेली नानाजीची बायको रुखमाबाई "आगं माय वं!" म्हणून किंचाळली. लच्छू पाटावरून असा उठला की तेलाची वाटी उपडी झाली. जंगू नि पत्रू त्याच्या मागे. नानाजी तेवढा सावकाश उठला. त्यानं पंचा खांद्यावरून काढला, घडी घातली, पाटावर ठेवला, आणि कुणाकडे न बघता चालता झाला. गावही त्याच्या मागे निघालं. कोहळे नि कोंबडा तिथंच राहिले.

"काय झालं? मी काय केलं?" इंदुताई विचारत राहिली. शेवटी मंडळीतल्या म्हाताऱ्या मंगलीनं सांगितलं. मंगली बाप्तिस्मा घेतलेली होती, पण हाडं गावचीच.

"बाई, मेल्या माणसाले खांदा देतेत ना, त्याहिच्या खांद्याले तेल लावतेत. दिवस झाले का घरचे लोक चौघाले पाटावर बसवतेत, तेल लावतेत, पंचा देतेत. मंग खांदा उतरला. मेला तो गेला, ह्याहिचा नि त्याचा संबंध सरला."

इंदुताईनं उपडी पडलेली वाटी उचलली. "मग तेलाची वाटी आणली तेव्हाच का नाही बोललीस?"

"मले वाटलं, तुमच्यात असंच असन," मंगली म्हणाली. तिचंही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांच्या घंटा वाजत आल्या, कुंपणाजवळून गेल्या, आणि लांब गेल्या. हाक आली नाही. इंदुताई चुलीपुढे हातात फुंकणी धरून बसली होती. चूल पेटलीच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. रुखमाबाई सकाळी ताक घेऊन यायची, तीही बंद झाली. विहिरीवर बायका इंदुताईला वाट करून द्यायच्या, जरा जास्तच लांबून. कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. जिनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या खांदेकऱ्यांना मोकळं केलं, तिच्याशी बोलायचं तरी काय? आणि इंदुताईला मरणाच्या अपशकुनाची भीती वाटत नव्हती, तिला त्या हाकेची भूक लागली होती. ज्या माणसानं तिला नदीपार जिवंत ठेवलं, त्याच्या लेखी आता ती नव्हती. हे तिला सोसवेना.

मास्तर समजूत घालायला नानाजीकडे गेले. नानाजीनं त्यांना खाटेवर बसवलं, तंबाखू दिली, यंदा थंडी कशी आहे ते सांगितलं, आणि रस्त्यापर्यंत पोचवून दिलं. मास्तर परत आले ते चेहरा पाडून.

"एवढं अदबीनं वागला की मला तोंडच उघडता आलं नाही," ते म्हणाले. "शेवटी आपण निरुपयोगीच, इंदू. चांगलं करायला जातो नि असं होतं. आपली लायकीच नाही. गप्प राहावं हे बरं."

इंदुताई एकदम भडकली. "लायकी नाही म्हणून घरात बसणं फार सोपं असतं हो! त्या नऊ जणांनी तेच केलं असेल. आपण कसले, आपण काय तोंड घेऊन जायचं, म्हणून बसले असतील घरी, तुमच्यासारखे!"

 हे मास्तरांना उपदेशात सुचायला हवं होतं, आणि सुचलं नव्हतं.

इंदुताई मात्र बोलून गेली आणि मग आपल्याच बोलण्यात अडकली. तो दहावा परत गेला तेव्हा त्यानं काय नेलं होतं? मास्तरांनी एवढ्यांदा वाचून दाखवलं, त्यात पंचा नव्हता, तेल नव्हतं. दया कर म्हणून लांबून ओरडला होता, तसाच पुन्हा मोठ्यानं ओरडत आला. हात रिकामे. मागायला गेला होता तसाच परत गेला. आणि आपण? आपण फेडायला गेलो. चार पंच्यांत. खाट हलकी होती म्हणणारा माणूस तिला सांगत होता की हे फेडायचं नसतं, चालू ठेवायचं असतं, आणि ती सगळ्या गावादेखत त्याला म्हणाली, घे, संपलं.

त्याच वेळी तिला पुन्हा मळमळलं. ती परसात गेली, कुडाला धरून उभी राहिली, आणि मनाशी दिवस मोजू लागली. मोजता मोजता थांबली. पुन्हा मोजले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की हे मोजायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. मग कुडाला धरून ती कितीतरी वेळ एकटीच हसत नि रडत राहिली. श्रावणात ती मेली असती, तर ह्यातलं काहीच झालं नसतं. हे कुणाकुणाचं देणं आहे हे तिला एका दमात सांगता आलं नसतं. देवाचं तर होतंच. पण देवानं खांदा नानाजीचा लावला होता.

सकाळी ती डोक्यावर पदर घेऊन नानाजीच्या खळ्यावर गेली. हातात काही नव्हतं. उशिराचं धान मळायचं चाललं होतं. नानाजी बैलांच्या मागे गोल फिरत होता, रुखमाबाई पेंढा झाडत होती. दोघांनी तिला पाहिलं. नानाजीचे बैल थांबले, तो थांबला नाही असं दाखवत दोर आवळत राहिला. रुखमाबाईनं 'बस' म्हटलं नाही.

"नानाजीभाऊ," इंदुताई मोठ्यानं म्हणाली, "मला पुन्हा खांदा लागणार आहे."

नानाजीनं दोर सोडला. "काऊन? ताप आला का?"

"नाही. आता नाही लागणार. श्रावणात लागेल."

"श्रावणाचं आता कायले सांगून राह्यली? आन् श्रावणात तं कठाणी भरून राह्यते."

"म्हणून तर आधीच सांगते. मला दवाखान्यात न्यावं लागेल. तुम्ही नेलं तरच मी पोचेन. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर मी जायची नाही."

नानाजीला काही उमगेना.  पण रुखमाबाईच्या हातातला पेंढा गळून पडला. ती पुढे आली, इंदुताईची हनुवटी वर केली, डोळ्यांखाली पाहिलं, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "लेकराची माय होऊन राह्यली ते! आन् तुमी ताप ताप करता!"

 नानाजीचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला आणि तिथं फिरत राहिला. त्याच्या तोंडावर हसू यायला वेळ लागला, पण आलं तेव्हा ते थांबेना.

"मास्तरले ठाव हाये?"

"नाही. आधी खांदेवाल्याला सांगायला आले."

"या खेपेस खाट जड राह्यन, बाई. दोन जीव."

"मग पाच माणसं आणा," इंदुताई म्हणाली.  "भाऊ, मला ते तेलाचं ठाऊक नव्हतं. मला वाटलं..."

"मेल्या माणसाले खांदा मागता येत नाई," नानाजी मधेच म्हणाला. "तू तं मागून राह्यली. मंग कायचं तेल नि कायचं काय."

रुखमाबाईनं तिला हाताला धरून ओसरीवर नेलं, नव्या तांदळाची ऊन पेज काशाच्या वाटीत ओतली, वर मीठ टाकलं आणि पुढ्यात ठेवली. "खा. तोंड कसं झालं, पाह्यलं का? आन् ते पंचे कुठी हायेत? फेकले तं नाई?"

"पेटीत आहेत. जाळून टाकते."

"जाळतेस कायले? आमच्या मानसाहिनं घेतलेच नाई, मंग ते मेल्याचे कसे झाले? धुवून ठेव. लंगोट होतीन."

आभार हा शब्द इंदुताईच्या अगदी ओठावर आला होता. जन्माची सवय. तिनं तो पेजेच्या घोटाबरोबर गिळला आणि वाटी पुढे केली. "अजून वाढा," ती म्हणाली. रुखमाबाई इतकी खूश झाली की तिनं वाटी काठोकाठ भरली.

घरी मास्तर तोंडाला साबण लावून आरशापुढे उभे होते. "काय म्हणाला? आभार मानलेस का?"

"नाही. उलट मागून आले," म्हणून तिनं काय मागितलं ते सांगितलं.

मास्तरांचा वस्तरा हातातच राहिला. ते त्या चार पाटांपैकी एका पाटावर बसले, साबण तसाच, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "इंदू," ते म्हणाले, "मी याच्या लायक नाही गं."

"नाहीच आहात," इंदुताई म्हणाली, आणि पदरानं त्यांच्या गालावरचा साबण पुसला. "मीही नाही. पण मिळालंय ना? मग घ्या."

मास्तरांनी मान हलवली. त्या आठवड्यात ते लूकबद्दल एक शब्द बोलले नाहीत. रविवारी फक्त एवढंच म्हणाले, की चाकराचं वचन नानाजीनं पाळलं, महारोग्याचं माझ्या बायकोनं, आणि मी मात्र दोघांत भांडण लावत बसलो होतो. नानाजीचं नाव प्रार्थनेत कसं आलं म्हणून मंगलीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

पण ते नंतरचं. खळ्यावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी इंदुताई पहाटेच उठून बसली होती. चूल पेटवली, पाणी आणलं, आणि काही काम नसताना दाराशी घुटमळत राहिली. बैलांच्या घंटा ऐकू आल्या. जवळ आल्या. कुंपणाशी आल्या.

"बाई, हाये का?"

तिच्या तोंडून शब्द निघेना.  तिनं दाराच्या चौकटीवर नखांनी टकटक केली, पण तो आवाज कुंपणापर्यंत कुठून जाणार? घंटा थांबल्या. बाहेर नानाजी थांबला होता, वाट बघत, खाटेमागे चालताना थांबायचा तसा.

"बाई?"

"हाओ!" इंदुताई एवढ्या मोठ्यानं ओरडली की शाळेच्या छपरावरचे पारवे उडाले. "हाओ, भाऊ! हाये!"

घंटा पुढे निघाल्या.